युद्धाचा पाठ: निर्णय कोणाचा आणि भोग कोणाचे

प्रश्न असा आहे: १३ ते १६ वयाच्या मुलांना सामाजिक शास्त्रांच्या तासाला युद्ध शिकवायचं आहे आणि हातात पाच-सहा तासिका आहेत. काही मुलं रणगाडे आणि विमानांच्या पलीकडे जायला तयार नसतात, काही सनावळ्या पाठ करून मोकळी होतात, आणि मध्येच कुणीतरी फोनवर पाहिलेल्या चालू युद्धाबद्दल विचारतं. अशा वेळी काय शिकवावं, काय दाखवावं, काय टाळावं?

माझं उत्तर दोन प्रश्नांभोवती आहे. पहिल्या तासाला ते फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि शेवटच्या तासापर्यंत पुसू नका: हा निर्णय कोणी घेतला? त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागले? लढाया, तह, नकाशे, आकडे हे सगळं या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना येऊ द्या. हा कणा नसेल तर युद्धाचा पाठ एक तर शौर्यकथा होतो, नाही तर ‘युद्ध वाईट असतं’ या वाक्यापाशी येऊन थांबतो. दोन्हीकडे मुलांना विचार करायला काही उरत नाही.

सुरुवात पाठ्यपुस्तकातल्याच एका परिच्छेदापासून करा. ‘जर्मनीला असुरक्षित वाटू लागलं’, ‘तणाव वाढला’, ‘युद्धाचा भडका उडाला’ अशी वाक्यं त्यात हमखास सापडतात. जोडीजोडीनं मुलांना अशा वाक्यांखाली रेघ मारायला सांगा: एक, जिथं देश माणसासारखा वागतो आणि दोन, जिथं कर्ताच नाही. मग प्रत्येक वाक्यात देशाच्या जागी व्यक्ती, पद किंवा संस्था घालायची: सम्राट, परराष्ट्रमंत्री, सेनाप्रमुख, संसद. १० मिनिटं पुरतात. काही वाक्यं बदलताच येत नाहीत, कारण पुस्तकात ती माहितीच नसते. ती वेगळी लिहून ठेवा. पुढच्या तासांत शोधायच्या गोष्टींची यादी आयती तयार होते.

यात एक अडचण ठरलेली आहे. कर्ता शोधायला सांगितलं की मुलं सगळं एका माणसाच्या गळ्यात बांधतात. ‘दुसरं महायुद्ध हिटलरनं केलं’ म्हटलं की शोध संपतो. म्हणून लगेच उपप्रश्न विचारा: आदेश कागदावर कोणी उतरवला, पैसा कोणी मंजूर केला, नाही म्हणण्याची संधी कोणाकडे होती आणि नाही म्हटलं असतं तर त्यांचं काय झालं असतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्यामुळे नकार देणं किती महाग होतं याचा अंदाज मुलांना येतो आणि आजच्या खुर्चीत बसून निवाडा करण्याची घाई कमी होते.

३७ दिवसांचा अभ्यास

निर्णय शिकवण्यासाठी पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या १९१४ च्या उन्हाळ्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. मधल्या ३७ दिवसांतली कागदपत्रं विपुल आहेत, तारखा पक्क्या आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर दुसरा रस्ता उपलब्ध होता. बहुतेक पुस्तकं हत्येवरून एका वाक्यात थेट युद्धावर उडी मारतात. ती उडी भरून काढणं हाच इथला धडा.

४० मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाच जणांचे आठ गट करा. व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग आणि लंडन या चार राजधान्यांना प्रत्येकी दोन गट द्या. एकाच राजधानीचे दोन गट वेगळ्या निर्णयाला आले की ‘दुसरं काही शक्यच नव्हतं’ हा समज आपोआप ढासळतो. प्रत्येक गटाला तारखेनुसार तीन किंवा चार कार्डं. कार्डावर एवढंच असावं: त्या दिवशी काय माहीत होतं, सल्ला कोण देत होतं, समोरचे तीन पर्याय. प्रत्येक कार्डाला सहा मिनिटं. गटानं निर्णय, त्यामागचं एक कारण आणि ‘आम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते’ ही एक ओळ लिहायची. मग प्रत्यक्षात काय झालं ते तुम्ही वाचून दाखवायचं.

कार्डांसाठी खात्रीचा मजकूर असा आहे. ५ आणि ६ जुलैला जर्मनीच्या सम्राटानं आणि चॅन्सेलरनं (सरकारच्या प्रमुखानं) ऑस्ट्रिया-हंगेरीला बिनशर्त पाठिंब्याचं आश्वासन दिलं. २३ जुलैला संध्याकाळी ऑस्ट्रियानं हत्येसाठी सर्बियाला जबाबदार धरून ४८ तासांची मुदत घातली आणि निर्वाणीच्या मागण्या पाठवल्या. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान रशियाची भेट आटोपून जहाजानं परत निघावेत आणि दोन मित्रदेशांना समोरासमोर बसून सल्लामसलत करता येऊ नये, म्हणून ती वेळ मुद्दाम निवडली होती. २५ जुलैला सर्बियानं बहुतेक मागण्या मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना सहभागी करून घ्यायला नकार दिला. २६ जुलैला ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी परिषदेचा प्रस्ताव मांडला, तो बर्लिननं नाकारला. २८ जुलैला सकाळी सर्बियाचं उत्तर वाचून जर्मन सम्राटानं युद्धाचं कारणच उरलं नाही अशी नोंद केली आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं. २९ जुलैला रशियाच्या सम्राटानं, झारनं, पूर्ण सैन्य-सज्जतेचा आदेश मागे घेतला, ३० तारखेला मंत्री आणि सेनापतींच्या आग्रहावरून पुन्हा दिला. १ ऑगस्टला जर्मन सम्राटानं सैन्य फक्त पूर्वेकडे वळवता येईल का असं विचारलं, तेव्हा सेनाप्रमुख मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचं सांगितलं, कारण लाखो माणसांचं रेल्वे वेळापत्रक आधी फ्रान्स, मग रशिया या क्रमानं आखलेलं होतं. ३ ऑगस्टला जर्मनीनं फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ४ तारखेला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं.

रेल्वेच्या वेळापत्रकाचा हा भाग घाईत उरकू नका. सैन्य-सज्जता म्हणजे काय हे मुलांना माहीत नसतं. राखीव सैनिकांना घरून बोलावणं, त्यांना गणवेश आणि हत्यारं देणं, ठरलेल्या गाडीनं ठरलेल्या स्थानकावर पोचवणं हे सगळं समजलं की दोन गोष्टी लक्षात येतात. जो उशीर करेल तो हरेल अशी प्रत्येकाला भीती का होती, हे कळतं. आणि शांततेच्या काळात कुठल्याशा कार्यालयात आखलेली योजना ऐन संकटात मंत्र्यांचे हात कशी बांधते, हेही कळतं.

या कृतीत तीन गोष्टी बिघडतात. पहिली, मुलांना शेवट माहीत असतो, म्हणून ती शहाणपणाचे निर्णय देतात. उपाय सोपा आहे: कार्डावर नसलेली कुठलीही माहिती कारण म्हणून वापरायची नाही हा नियम करा आणि एखाद्या राजधानीला मिळणारी बातमी एक कार्ड उशिरा द्या. दुसरी, काही गट गंमत म्हणून पहिल्याच कार्डाला युद्ध पुकारतात. त्यासाठी प्रत्येक निर्णयापुढे ‘हा मागे घेता येईल का? घेतला तर काय गमवावं लागेल?’ असा रकाना ठेवा. तिसरी बारीक, पण गोंधळ घालणारी: रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, १३ दिवस मागे. काही कागदांवर ३० जुलैची घटना १७ जुलै म्हणून दिसते. तारखा आधीच एकसारख्या करून घ्या.

दुसऱ्या महायुद्धासाठी हीच पद्धत वापरायची तर अणुबाँबवरचा ठरीव वादविवाद बाजूला ठेवा. ‘बाँब टाकणं योग्य की अयोग्य’ म्हटलं की वर्ग दोन तट पाडून आरडाओरडा करतो. त्याऐवजी विचारा: हिरोशिमा ६ ऑगस्टला आणि नागासाकी ९ ऑगस्टला, तर दुसऱ्या बाँबचा निर्णय कधी आणि कोणी घेतला? २५ जुलै १९४५ च्या एकाच लेखी आदेशात पहिला बाँब ३ ऑगस्टनंतर हवामान बघून आणि पुढचे बाँब तयार होतील तसे टाकण्याची परवानगी होती. नागासाकीसाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा वेगळा आदेश नव्हता. आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय पुढचा बाँब टाकू नये असं ट्रूमन यांनी १० ऑगस्टला सांगितलं. मधे ८ तारखेला सोव्हिएत संघानं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. या तारखा फळ्यावर मांडल्या की चर्चा पटकन खोल जाते.

अभिनयाची मर्यादा

वर सांगितलेली कृतीही एक प्रकारचं सोंगच आहे, पण ते निर्णय घेणाऱ्यांच्या मेजाभोवतीचं. यातना सोसणाऱ्यांचं सोंग वर्गात करू नका. खंदकात लपणं, छळछावणीतली रांग, निर्वासितांची बोट, गुलामांचं जहाज, यांपैकी काहीही नको. वॉशिंग्टनमधलं होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृती संग्रहालय शिक्षकांना अशा कृती टाळायला स्पष्टपणे सांगतं आणि त्याची कारणं पक्की आहेत. बाकं सरकवून अर्धा तास खाली बसलेल्या मुलाला ‘आता मला कळलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला काहीच कळलेलं नसतं. हसण्याखिदळण्यात विषयाची विटंबना होते. आणि ज्या मुलाच्या घरात असं काही खरोखर घडलेलं असतं, त्याला ते सगळ्यांसमोर पुन्हा सोसावं लागतं. बळींची संख्या समजावी म्हणून मणी किंवा काड्या मोजायला लावण्यातही हाच दोष आहे: शेवटी मुलांच्या लक्षात मणी राहतात.

‘तुम्ही सैनिक आहात अशी कल्पना करून घरी पत्र लिहा’ हा गृहपाठ सगळीकडे दिला जातो. येणारी पत्रं बहुधा एकाच साच्याची असतात: आई, तुझी आठवण येते, उद्या मी असेन की नाही माहीत नाही. हा गृहपाठ द्यायचाच असेल तर दोन अटी घाला. पत्रात वर्गात वाचलेल्या साधनांतले किमान तीन तपशील हवेत आणि त्या तारखेला त्या माणसाला माहीत असू शकत नाही असं काहीही नको. १९१५ च्या पत्रात ‘पहिलं महायुद्ध’ असा उल्लेख आला की त्या एका शब्दावर पाच मिनिटं बोलता येतं.

भोग दाखवणारी साधनं

खरी पत्रं वाचणं यापेक्षा कितीतरी चांगलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदुस्थानी सैनिकांच्या पत्रांचे भाषांतरित उतारे आज उपलब्ध आहेत आणि ते का उरले हाच एक धडा आहे: लष्करी सेन्सॉर ती पत्रं उघडून वाचत होता आणि सैन्याच्या मनःस्थितीचा अहवाल म्हणून उतारे काढून ठेवत होता. बऱ्याच सैनिकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. म्हणजे एका ओळीवर सांगणारा, लिहिणारा, भाषांतर करणारा आणि तपासणारा असे चार हात फिरलेले. पत्रं वाचली जातात हे सैनिकांना माहीत होतं, म्हणून काहींनी खुणेची भाषा वापरली. काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. असा एखादा उतारा द्या आणि विचारा: यात काय सांगितलं आहे, काय लपवलं आहे, कोणापासून? एका तासाला तीन उतारे पुरे. आठ-दहा दिले तर मुलं नुसती चाळतात.

भोग फक्त आघाडीवर नसतात हे दाखवण्यासाठी १९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारपट्टीच्या भागातल्या होड्या आणि तांदळाचे साठे सरकारनं काढून घेतले किंवा निकामी केले, त्यामुळे मासेमारी आणि वाहतूक कोलमडली. युद्धखर्चानं भाव भडकले आणि मजुरीवर जगणाऱ्यांना तांदूळ परवडेना. १९४५ च्या सरकारी चौकशी आयोगानं मृतांचा आकडा १५ लाख दिला, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. आता वर्गाला विचारा: ही माणसं युद्धात मेली असं म्हणायचं का? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे. फळ्याच्या कोपऱ्यातले दोन्ही प्रश्न इथं एकत्र येतात, कारण होड्या काढून घेण्याचा निर्णय आणि उपाशी राहिलेलं कोळ्याचं कुटुंब यांच्यामधला धागा मुलांना स्वतः जोडावा लागतो.

आकड्यांबाबत एक काळजी घ्या. १ जुलै १९१६ ला, सॉमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, ब्रिटिशांची हानी सुमारे ५७,००० होती. हा आकडा मृतांचा म्हणून सर्रास सांगितला जातो. प्रत्यक्षात मृत १९,००० च्या वर होते. उरलेले जखमी, बेपत्ता आणि पकडले गेलेले. कुठलाही आकडा फळ्यावर लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा: यात फक्त मृत आहेत की जखमीही, फक्त सैनिक की नागरिकही, आणि कोणत्या तारखेपर्यंतचे? हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली असा अंदाज आहे. त्यातली अनेक स्फोटानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत, भाजल्यामुळे आणि किरणोत्सारामुळे. ‘६ ऑगस्टला १,४०,००० मेले’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

छायाचित्रं म्हणजे पुरावा, असं मुलं धरून चालतात. त्यासाठी क्रिमियाच्या युद्धातले छायाचित्रकार रॉजर फेंटनचे १८५५ मधले दोन फोटो शेजारीशेजारी लावा: तीच दरी, तोच कॅमेऱ्याचा कोन, एका फोटोत तोफगोळे रस्त्यावर पसरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. आधीचा कोणता? मुलं सावल्यांवर वाद घालतात, पण उत्तर उतारावरच्या लहान दगडांत आहे: गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत काही दगड खाली सरकलेले दिसतात, म्हणजे तो नंतरचा. बर्लिनमधल्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत झेंडा फडकतानाचा मे १९४५ चा फोटोही घेता येईल. तो लढाई संपत आल्यावर ठरवून काढला होता. एका सैनिकाच्या दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ खोडलं आणि धूर गडद केला. मात्र ‘म्हणजे सगळंच खोटं’ असा निष्कर्ष मुलं काढतात, तो तिथल्या तिथं थांबवा. बर्लिन पडलं होतं, हे खरं. फोटो घटनेचा पुरावा म्हणून कमकुवत आहे, पण ती घटना लोकांपर्यंत कोणत्या रूपात पोचावी असं कोणाला वाटत होतं, याचा उत्तम पुरावा आहे.

रक्तमांसाच्या चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे: धक्का बसल्याशिवाय मुलांना गांभीर्य कळत नाही हा समज चुकीचा आहे. धक्का बसलेलं मूल विचार करत नाही, ते मान फिरवतं किंवा हसून वेळ मारून नेतं. प्रेतांचे ढीग दाखवू नका. एखादं कठीण चित्र आवश्यकच असेल तर आधी शब्दांत वर्णन करा, नको असेल त्याला न बघण्याची मुभा द्या, एकच चित्र दाखवा आणि त्यावर काम संपलं की पडद्यावरून काढून टाका. कठीण मजकुराचा तास दिवसाच्या शेवटी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. शेवटची १० मिनिटं नवीन काही न देता मोकळी ठेवा. मुलांना वहीत लिहू द्या, प्रश्न विचारू द्या. आठवडाभर आधी पालकांना चार ओळींची सूचना गेली तर घरातला एखादा प्रसंग तुम्हाला वेळेवर कळतो. वर्गात सैनिकाचं मूल असेल, युद्धातून विस्थापित झालेल्या कुटुंबातलं असेल, तर त्याला ‘तू सांग’ म्हणून कधीही उभं करू नका. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर वेळ द्या.

युद्धाचे नियम

हा भाग बहुतेक ठिकाणी एका ओळीत संपतो आणि तिथंच मोठं नुकसान होतं. मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं की ज्यानं युद्ध सुरू केलं त्याच्याशी कसंही वागलं तरी चालतं. आंतरराष्ट्रीय कायदा हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो. युद्धात उतरणं कायदेशीर आहे का, हा एक. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करतं आणि कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क देतं. लढताना वागणं कायदेशीर आहे का, हा दुसरा. त्याला १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे पूरक करार लागू होतात आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच लागू होतात. फळ्यावर चार चौकटी काढा: कायदेशीर युद्ध आणि नियमाप्रमाणे वर्तन, कायदेशीर युद्ध पण नियमभंग, आणि उरलेल्या दोन. प्रत्येक चौकटीत उदाहरण शोधायला लावा. ‘आपली बाजू बरोबर होती, तरी आपल्या सैनिकांनी केलेलं हे कृत्य गुन्हा होतं’ ही चौकट भरताना वर्ग गप्प होतो. ती गप्पता मोडायची घाई करू नका.

मग चार-पाच प्रसंग द्या, प्रत्येकी तीन वाक्यांचे. शाळेत दारूगोळा ठेवला आहे आणि शेजारच्या खोलीत मुलं आहेत. रुग्णालयाच्या गच्चीवरून गोळीबार होतो आहे. पकडलेल्या सैनिकाकडून तुकडीचा ठावठिकाणा काढायचा आहे. उत्तरासाठी नेमके आधार आहेत. लढणारे आणि नागरिक यांत फरक करावाच लागतो, आणि अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांची हानी अवाजवी असेल तर हल्ला करता येत नाही. रुग्णालयातून शत्रूला घातक कृत्यं होत असली तरी आधी इशारा आणि रास्त मुदत दिल्याशिवाय त्याचं संरक्षण जात नाही. युद्धकैद्याला फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगणं बंधनकारक आहे. वयाचा नियम अवश्य सांगा: १९७७ च्या पूरक करारानुसार १५ वर्षांखालच्या मुलांना सैन्यात भरती करता येत नाही, आणि २००० मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कविषयक पूरक करारानं सक्तीच्या भरतीसाठी ही मर्यादा १८ वर नेली. समोर बसलेल्या मुलांच्याच वयाचा हा नियम आहे, तेव्हा ती नीट ऐकतात.

कायदा बदलतो हे दाखवायला दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं वेढलेलं सोव्हिएत शहर लेनिनग्राड घ्या. जवळजवळ ९०० दिवसांच्या वेढ्यात लाखो नागरिक उपासमारीनं मेले. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला जर्मन सेनापतींवर चाललेल्या एका खटल्यात, वेढ्यात उपासमार घडवणं तेव्हाच्या कायद्यानुसार निषिद्ध नव्हतं, असं न्यायाधीशांनी मान्य केलं. नागरिकांना उपाशी मारणं ही युद्धपद्धत म्हणून स्पष्ट बंदी १९७७ मध्ये आली.

चालू युद्ध वर्गात येतं तेव्हा

विषय टाळू नका, पण २० मिनिटांची मर्यादा घाला. फळ्यावर तीन रकाने: माहीत आहे, म्हटलं जातंय, अजून कळायला मार्ग नाही. मुलांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट यांतल्या एका रकान्यात जाते, आणि कुठल्या ते का, हे सांगणाऱ्यानं स्पष्ट करायचं. सुरुवातीला पहिला रकाना भरलेला वाटतो. प्रश्न विचारत गेलं की निम्म्या गोष्टी दुसऱ्यात सरकतात. व्हिडिओबाबत क्रम ठरवून द्या: सर्वांत आधी कोणी टाकला, कधी टाकला, तो जुन्या घटनेचा आहे का, पाट्या, इमारती, हवामान त्या जागेशी जुळतं का. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून वारंवार पसरलेली आहेत, इतकी की खेळ बनवणाऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. व्हिडिओ वर्गात चालवू नका, एक स्थिर चौकट पुरते.

शिक्षकानं तटस्थ राहावं का, हे नेहमी विचारलं जातं. कोणत्या सरकारचं धोरण बरोबर, यावर तुमचं मत वर्गाला कळायची गरज नाही, कारण ते कळलं की मुलं उत्तरं तुमच्याकडे बघून देऊ लागतात. तथ्यांबाबत मात्र तटस्थता चालत नाही. नागरिकांवरचा हल्ला झाला असेल तर ‘काहींच्या मते झाला, काहींच्या मते नाही’ अशी खोटी समतोल मांडणी करू नका. वंशसंहाराला दोन बाजू आहेत अशा तऱ्हेचा वादविवाद तर कधीच नको.

शेवट आणि तपासणी

युद्ध कसं संपलं हा भाग वेळेअभावी गळतो; निदान अर्धी तासिका त्यासाठी राखून ठेवा. गोळीबार थांबणं आणि शांतता होणं या दोन घटना आहेत. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांतता तह आजतागायत झालेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेल्या १९१९ च्या व्हर्सायच्या तहातून आलेल्या नुकसानभरपाईसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीनं २०१० मध्ये फेडला. पहिल्या महायुद्धातले न फुटलेले तोफगोळे फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत अजूनही नांगराला लागतात. दुसऱ्या टोकाला, २००६ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीनं माध्यमिक शाळांसाठी इतिहासाचं सामाईक पाठ्यपुस्तक काढलं, दोन्ही भाषांत मजकूर एकच. शेजारी देशाचं पुस्तक तेच युद्ध कसं सांगतं, त्यातलं एक पान शोधून आपल्या पानाशेजारी ठेवणं हा अर्ध्या तासाचा उत्तम उपक्रम आहे.

परीक्षेत ‘युद्धाची पाच कारणे लिहा’ विचारलं तर सहा तासांची मेहनत वाया जाते, कारण मुलं परीक्षा बघूनच अभ्यास करतात. त्याऐवजी विचारा: ‘३० जुलै १९१४ च्या सकाळी युद्ध टाळणं कोणाच्या हाती होतं? दोन पुरावे देऊन लिहा आणि तुमच्या मताविरुद्ध जाणारा एक पुरावाही नोंदवा.’ १० गुणांची विभागणी अशी करता येईल: नेमक्या पुराव्याला ३, पुरावा आणि मत जोडण्याला ३, विरोधी पुराव्याला २, आणि त्या दिवशी काय माहीत होतं याचं भान ठेवण्याला २. उत्तर कोणत्या बाजूचं आहे याला गुण नाहीत, हे प्रश्नपत्रिकेवरच छापा.

सहाऐवजी दोनच तासिका मिळाल्या तर एक १९१४ च्या कार्डांना द्या (दोन राजधान्या, प्रत्येकी दोन कार्डं) आणि दुसरी पत्रांच्या उताऱ्यांना किंवा बंगालच्या दुष्काळाला. लढायांचा क्रम आणि शस्त्रांचे तपशील सोडून द्या. ज्या मुलांना त्यांची आवड आहे ती ते स्वतःहून शोधून वाचतात. कायद्याचा भाग मात्र गाळू नका: दुसऱ्या तासिकेच्या अखेरीस त्या चार चौकटी काढून त्यांतली एक तरी वर्गाकडून भरून घ्या, उरलेल्या तीन गृहपाठाला द्या.